खोडले, राखले आणि तक्त्यातून गळाले: ग्रीक हस्तलिखिताच्या डिजिटल आवृत्तीतले एक प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी एक छोटी डिजिटल आवृत्ती तयार करायची होती. चौथ्या शतकातल्या कोडेक्स सायनाइटिकस या ग्रीक बायबलच्या हस्तलिखितातली शुभवर्तमानांची, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या ग्रंथांची, काही निवडक पाने घ्यायची, अक्षरन् अक्षर टिपायचे, आणि मूळ लेखनिकाने काय लिहिले व पुढच्यांनी त्यात काय बदलले हे पडद्यावर दाखवायचे, एवढेच काम. आम्ही चौघे होतो. प्रकल्प चालवणाऱ्या प्राध्यापकबाई, पीएच.डी. करणारी एक नोंदकार, ग्रीक शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर, आणि प्रोग्रॅमिंग करणारा मी. ओळख लागू नये म्हणून माणसांची आणि विद्यापीठाची नावे गाळली आहेत. हस्तलिखिताबद्दलचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत.

ज्यांचा याच्याशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडेसे. सायनाइटिकस आज चार ठिकाणी विखुरलेले आहे. ३४७ पाने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, ४३ लाइपझिगच्या विद्यापीठ ग्रंथालयात, काही पाने आणि तुकडे सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरिन मठात, आणि थोडे तुकडे सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. चारही संस्थांनी मिळून जुलै २००९ मध्ये सगळी पाने एकत्र संकेतस्थळावर आणली. साध्या उजेडातली छायाचित्रे तर आहेतच, शिवाय तिरका प्रकाश टाकून काढलेलीही आहेत. त्यात शाईपेक्षा, ज्या कातड्यावर लिहिले त्याचा पृष्ठभाग जास्त बोलतो.

पानावर चार स्तंभ, एका स्तंभात बहुधा ४८ ओळी, शब्दांमध्ये जागा नाही. आणि दुरुस्त्या हजारोंनी. काही लेखनशाळेतच झालेल्या, काही शतका-दोन शतकांनी, काही त्याहून उशिरा. कोणी अक्षरावर ठिपके दिले, कोणी खरवडले, कोणी वरून गिरवले, कोणी समासात लिहून खूण केली.

आजोळच्या माळ्यावर पोथ्यांचे एक गाठोडे होते. त्यात चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासलेला असे, आणि सुटलेला शब्द समासात लिहून ओळीत काकपद दिलेले असे. ‘हरताळ फासणे’ आपण आता फक्त नियमांना लावतो. माझ्या डोळ्यांसमोर तो पिवळा डाग असल्यामुळे हे काम आपल्याला सोपे जाणार असे मला वाटले होते.

नोंद करण्याची रीत

मजकूर संगणकावर नोंदवण्याचे नियम ठरवणाऱ्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हच्या, म्हणजे टीईआयच्या, एक्सएमएल खुणांमध्ये नोंद करायची होती. नव्या कराराच्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांमध्ये रूढ पद्धत शब्दपातळीची आहे. दुरुस्ती एकाच अक्षराची असली तरी पूर्ण शब्द दोनदा लिहायचा. एकदा पहिल्या हाताचा, एकदा दुरुस्तीकाराचा. प्रत्येकाला ‘हात’ जोडायचा. दोघांनी एकमेकांचे न बघता तेच पान टिपायचे, मग दोन्ही फाइली ताडून बघायच्या आणि फरक निघेल तिथे छायाचित्र उघडून निवाडा करायचा.

मार्क १:१, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानातला पहिला अध्याय, पहिले वचन, हे पहिले पान. तिथे ही पद्धत कशी झकास चालते ते दिसले. ‘येशू ख्रिस्ताच्या सुवार्तेचा प्रारंभ’ एवढेच पहिल्या हाताने लिहिले आहे. पवित्र नावे तिथे संक्षेपाने लिहितात, पहिले आणि शेवटचे अक्षर आणि वर आडवी रेघ. ‘देवाचा पुत्र’ हे दोन शब्द ओळीच्या वर बारीक अक्षरात नंतर घातले आहेत: उप्सिलॉन-उप्सिलॉन, थीटा-उप्सिलॉन. चार अक्षरे. वाक्यातले बहुतेक शब्द ‘ऊ’काराने संपतात, त्यामुळे लेखनिकाची नजर घसरली असेल, किंवा त्याच्या समोरच्या प्रतीत ते शब्द नसतीलही. ते ठरवणे आमचे काम नव्हते. पहिल्या हातात शब्द नाहीत, दुरुस्तीत आहेत. दोन पाठ, दोन हात, तक्त्यात दोन रकाने. मास्तर म्हणाले, “असेच सगळे असते तर मी निवृत्तच झालो नसतो.”

अडचण

लूक २२:४३-४४. गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतो, स्वर्गातला दूत येऊन त्याला बळ देतो, घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो. या दोन ओव्या मूळच्या की मागून घातलेल्या, यावर पाठचिकित्सकांचा जुना वाद आहे. पपायरस ७५, कोडेक्स व्हॅटिकॅनस आणि अलेक्झांड्रिनस या इतर जुन्या हस्तलिखितांत त्या नाहीत. हस्तलिखिते ताडून तयार केलेल्या आजच्या छापील चिकित्सित आवृत्तीत त्या दुहेरी चौकटी कंसात ठेवतात. ओव्या म्हणालो, वचने म्हणायला हवे. सवय.

सायनाइटिकसमध्ये ही वचने पहिल्या हाताने लिहिली आहेत. एका दुरुस्तीकाराने ती रद्द ठरवून खुणा केल्या. त्यानंतरच्या दुसऱ्या दुरुस्तीकाराने ती रद्दबातल खूणच रद्द केली, म्हणजे वचने पुन्हा राखली. लिहिले, खोडले, राखले. लूक २३:३४ च्या ‘हे बापा, ह्यांना क्षमा कर’ या वाक्याचेही याच हस्तलिखितात हेच झाले आहे. मत्तय २४:३६ मधल्या ‘पुत्रालाही नाही’ या शब्दांचेही.

विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मी तुलनेचा तक्ता काढून दिला. प्राध्यापकबाईंनी तो वरून खाली वाचला आणि शांतपणे विचारले, “लूक २२ मध्ये काहीच घडले नाही का?”

तक्त्यात ती ओळच नव्हती. या हस्तलिखितातल्या सगळ्यात बोलक्या जागांपैकी तीन जागा आमच्या आवृत्तीत कोऱ्या होत्या.

कारण शोधताना

पहिला संशय नोंदकारांवर गेला. त्यात मीही सामील होतो, हे आधीच कबूल केलेले बरे. दोन्ही फाइली उघडल्या तर नोंदी व्यवस्थित होत्या. पहिला हात: वचने आहेत. दुरुस्तीकार एक: रिकामे. दुरुस्तीकार दोन: वचने आहेत.

दोष तक्ता काढणाऱ्या माझ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्रॅममध्ये, होता. तक्ता आटोपशीर दिसावा म्हणून मी दोनच स्थिती काढत होतो, ‘मूळ’ आणि ‘अंतिम’. दोन्ही सारख्या असतील तर ओळ गाळायची. शंभरातून दहा वजा करून पुन्हा दहा मिळवले तर शिल्लक बदलत नाही. पण खतावणीत दोन नोंदी असतात. मी खतावणी फेकून फक्त शिल्लक छापत होतो. मार्क १:१ सारख्या जागी हे चालून गेले, कारण तिथे शिल्लक बदलते. चाचणीसाठी मी तेवढेच पान घेतले होते.

ते शोधताना दुसरी गोष्ट हाती लागली, ती जास्त वाईट. त्याच जागी मास्तरांच्या फाइलीत पहिल्या दुरुस्तीकाराचे नाव ‘मोठा ए’ असे होते.

इथे जरा थांबावे लागेल, कारण नावांचा घोळ हा या हस्तलिखिताचा जुना आजार आहे. एकोणिसाव्या शतकात हे हस्तलिखित प्रसिद्ध करणारा जर्मन अभ्यासक टिशेनडॉर्फ याने लेखनिकांना मोठी रोमन अक्षरे दिली आणि दुरुस्तीकारांना लहान. म्हणजे मोठा ए हा लेखनिक, ज्याने नव्या कराराचा बहुतेक भाग लिहिला. आणि लहान ए हा दुरुस्तीकार. पुढे १९३८ मध्ये मिल्न आणि स्कीट या दोन अभ्यासकांनी ब्रिटिश म्युझियममध्ये बसून सगळे पुन्हा तपासले आणि लेखनिक तीनच मानले: ए, बी आणि डी. नंतरच्या डिजिटल प्रकल्पाने बीचे पुन्हा दोन केले. चिकित्सित आवृत्तीच्या तळटीपांत तिसरीच पद्धत: दुरुस्तीकारांचे गट करून १ आणि २ असे अंक, १ म्हणजे चौथे ते सहावे शतक, २ म्हणजे सातव्याच्या आसपास. संकेतस्थळावर आणखी वेगळी संक्षिप्त नावे. या पद्धती एकमेकींवर नीट बसत नाहीत. एकीकडचा एक हात दुसरीकडे दोन गटांत विभागला जातो.

मास्तर टिशेनडॉर्फच्या १८६९-७२ च्या आवृत्तीवरून नावे घेत होते, आणि बरोबर घेत होते. त्यांनी लिहिले लहान ए. ते टॅबलेटवर लिहीत होते, आणि टॅबलेटच्या कीबोर्डने रकान्यातले पहिले अक्षर आपोआप मोठे केले. अर्थ झाला: लिहिणाऱ्यानेच आपली वचने खोडली.

ताळा घेताना ही चूक सापडायला हवी होती. सापडली नाही, कारण ती वेडगळ नव्हती. टिशेनडॉर्फच्या लहान ए आणि बी या खुणांखालच्या दुरुस्त्या ए आणि डी या लेखनिकांनीच लेखनशाळेत केल्या, असे मिल्न आणि स्कीट यांचेच म्हणणे होते. त्यामुळे दुसऱ्या नोंदकाराला वाटले, मास्तरांनी १९३८ चे मत स्वीकारले असावे. मान राखून तिने विचारले नाही. चुकीला विद्वत्तेचे पांघरूण मिळाले की ती टिकते.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय माझा होता, आणि तो आळशी होता. स्क्रिप्टमध्ये अपवाद घालायचा, या तीन जागा हाताने तक्त्यात भरायच्या आणि पुढे जायचे. एका दुपारचे काम. प्राध्यापकबाई म्हणाल्या, “ज्या तीन जागा मला पाठ आहेत त्याच तू भरशील. ज्या पाठ नाहीत त्यांचे काय?” यावर उत्तर नव्हते.

दुसरा पर्याय, शब्दपातळीची रूढ पद्धत ठेवायची पण तक्त्यात प्रत्येक हात वेगळा छापायचा, मग पाठ आधीच्यासारखाच का असेना. हे सरळ होते. याचा तोटा असा की दुसऱ्या दुरुस्तीकाराने वचने ‘लिहिली’ असे दिसते. त्याने एक अक्षरही लिहिलेले नाही. त्याने फक्त आधीच्याच्या खुणा निकामी केल्या.

तिसरा पर्याय पीएच.डी.वाल्या मुलीने मांडला. पाठाऐवजी घटना नोंदवायची. कोणत्या ओळीला कोणती खूण, ती कशी केली, कोणी पुसली. टीईआयमध्ये त्यासाठी खास खूण आहे, ‘रिस्टोअर’. आधीचे खोडणे मागे घेतले असे ती सांगते. कागदावर हे सगळ्यात प्रामाणिक. पण आमची ताडून बघण्याची साधने शब्दांची रांग मागतात, घटनांची नाही. शिवाय प्रत्येक ठिपक्याची नोंद करायची तर ठरलेल्या पानांपैकी निम्मी सोडावी लागली असती.

खरा वाद मात्र योहान २१:२५ वरून झाला. शुभवर्तमानाचे ते शेवटचे वचन. टिशेनडॉर्फला तिथे शाई वेगळी वाटली होती. मिल्न आणि स्कीट यांनी अतिनील प्रकाशात पाहिले तेव्हा उलगडा झाला: लेखनिकाने २४ व्या वचनावरच ग्रंथ संपवला होता, शेवटची नक्षी काढली होती, खाली शुभवर्तमानाचे नावही लिहिले होते. मग ते सगळे धुऊन त्याच हाताने २५ वे वचन लिहिले, आणि नक्षी व नाव खाली पुन्हा काढले. आमच्यासमोरच्या छायाचित्रांवरून हे ठरवता येत नव्हते. मास्तरांचे मत ठाम: “डोळ्यांना दिसते ते टिपायचे. बाकी प्रस्तावनेत.” मुलीचे मत तितकेच ठाम: “मग आवृत्ती हस्तलिखिताची की जेपीईजीची?”

मला दोघांचेही पटत होते, म्हणजे माझा काही उपयोग नव्हता.

काय केले

शेवटी दुसरा आणि तिसरा पर्याय जोडले, पण मर्यादा घालून.

मूळ फाइल शब्दपातळीचीच राहिली. तिच्याशेजारी घटनांची एक वेगळी फाइल सुरू केली. सगळ्या दुरुस्त्यांसाठी नाही. शब्दपातळीची नोंद जिथे खोटे सांगते तेवढ्याच जागांसाठी. खोडून राखलेले, धुऊन पुन्हा लिहिलेले, आणि ज्या जागी एकच हात स्वतःलाच दुरुस्त करतो तिथे. प्रत्येक घटनेला पाच गोष्टी: जागा, खुणेचा प्रकार, हात, खात्री किती, आणि हे कोणी पाहिले. शेवटच्या रकान्याने योहानाचा वाद मिटवला. तिथे ‘आम्ही, छायाचित्रावरून’ किंवा ‘मिल्न व स्कीट, १९३८, अतिनील प्रकाशात’ असे लिहायचे. मास्तरांची अट पाळली गेली, कारण आपण न पाहिलेले पाहिल्याचा आव कुठे आणला नाही.

हातांच्या नावांसाठी एक तक्ता केला. आमची स्वतःची तटस्थ नावे, आणि समोर टिशेनडॉर्फ, मिल्न-स्कीट, चिकित्सित आवृत्ती आणि संकेतस्थळ यांची नावे. जिथे जुळणी एकास एक नाही तिथे तसे लिहिले. ओढूनताणून जुळवले नाही. नोंदकाराने नाव टंकायचे नाही, यादीतून निवडायचे. कीबोर्डचा प्रश्न तिथेच संपला.

स्क्रिप्ट मी पुन्हा लिहिली. आता ती प्रत्येक जागी जितके हात तितक्या ओळी छापते. पाठ आधीच्यासारखा असेल तर ‘पूर्ववत’ असा शेरा येतो. लूक २२:४३ पुढे आता तीन ओळी दिसतात: आहे, रद्द, पूर्ववत.

निष्पत्ती

तक्ता लांब झाला. विद्यार्थ्यांना तो आधीपेक्षा अवघड वाटला, आणि पहिल्या वर्गात दोघांनी ‘पूर्ववत’ म्हणजे छपाईतली चूक समजून ती ओळ सोडून दिली. मग त्या शेऱ्यावर बोट ठेवले की घटनेची नोंद उघडेल अशी सोय केली. तेव्हापासून त्या तीन जागांवर वर्गात जितका वेळ जातो तितका बाकी सगळ्या पानांवर मिळून जात नाही. एक प्रश्न दर वेळी येतो: खोडणाऱ्यासमोर वचने नसलेली प्रत होती का, आणि राखणाऱ्यासमोर असलेली? आमची आवृत्ती याचे उत्तर देत नाही. प्रश्न पडण्याइतके मात्र आता तिच्यात दिसते.

खर्चही झाला. ठरलेल्या पानांपैकी दोन गाळावी लागली. घटनांची फाइल आमच्या स्वतःच्या रचनेची आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रकल्पाला ती सरळ वापरता येणार नाही. मूळ फाइल येईल. आणि काही दुरुस्त्यांपुढे हात ‘अनिश्चित’ असाच आहे. मास्तरांना तो शब्द आवडत नाही, पण तिथे त्यांनीही नाव निवडले नाही.

पुन्हा करायचे झाले तर

चाचणीचे पान सोपे निवडले, ही माझी पहिली चूक. तुलनेची स्क्रिप्ट लिहिण्याआधी सगळ्यात किचकट तीन-चार जागा हाताने कागदावर मांडायच्या, तक्ता कसा दिसायला हवा ते पेन्सिलीने काढायचे, आणि मग कोड लिहायचा. लूक २२ आणि योहान २१ या जागा प्राध्यापकबाईंना पहिल्या दिवशी विचारल्या असत्या तर त्यांनी लगेच सांगितल्या असत्या. मी विचारले नाही, कारण मला हरताळ माहीत होता.

दुसरे, पहिल्या फेरीत नोंदकाराकडून हाताचे नाव मागूच नये. खूण काय आहे आणि कुठे आहे एवढेच टिपावे. ‘कोणी’ हा प्रश्न दुसऱ्या फेरीत, दोघांनी एकत्र बसून सोडवावा. दोन प्रश्न एका रकान्यात कोंबले की एकाची शंका दुसऱ्याच्या खात्रीमागे लपते.

तिसरे, ताळ्याच्या बैठकीत वयाचा मान बाजूला ठेवायची काहीतरी सोय हवी. आम्ही आता मतभेदाच्या जागा नावाविना छापून घेतो. कोणाची कोणती नोंद हे निवाडा झाल्यावरच कळते.

घटनांची फाइल पहिल्यापासून केली असती का, असे मला विचारतात. नाही. सगळ्या दुरुस्त्यांसाठी ती केली असती तर काम कधीच संपले नसते, आणि नेमकी कुठे लागते हे शब्दपातळीचा तक्ता चुकल्याशिवाय कळलेही नसते. ती यायला हवी होती, फक्त प्राध्यापकबाईंच्या प्रश्नाच्या आधी.

सध्या पुढच्या टप्प्याचे काम सुरू आहे. त्यात कोडेक्स व्हॅटिकॅनसचे एक पान आहे, इब्री लोकांस पत्र, १:३. मूळ हाताने तिथे सगळे ‘प्रकट करणारा’ असे लिहिले आहे; कोणीतरी ते बदलून ‘धारण करणारा’ केले; त्यानंतर कित्येक शतकांनी आलेल्या तिसऱ्याने मूळ शब्द परत आणला आणि दोन स्तंभांच्या मधल्या जागेत आधीच्याला सुनावले की मूर्खा, नीचा, जुने तसेच राहू दे, बदलू नकोस. नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरी शुद्ध करून झाल्यावर, तिच्यात कोणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल, असे बजावले होते; त्याची आठवण होते, फक्त इथला माणूस जास्त चिडलेला आहे. शब्दाची नोंद सोपी आहे: आहे, बदलले, पूर्ववत. ती शिवी मात्र पाठ नाही, पाठभेद नाही आणि दुरुस्तीही नाही. घटनांच्या फाइलीत तिच्यासाठी सहावा रकाना काढला आहे. मास्तरांना त्याला ‘टीप’ म्हणायचे आहे, मुलीला ‘वाचकाचा आवाज’, आणि मी अजून यादीत त्या जागी एक आडवी रेघ ठेवली आहे.